पूर्णेला पोहोचायला चौदा वर्षं लागली

गेल्या रविवारी पूर्णेला गेलो होतो. सेलूहून रेल्वेनं दीड-दोन तास लागतात... पण पाऊल उचलत नव्हतं.

नवीन जोडल्या गेलेल्या मित्रांसाठी सांगतो. मी मूळचा वालूरचा, फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालो. आता सेलूत फवारणी पंपांचं दुकान चालवतो, सकाळी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो आणि दोन वर्षांपासून माझ्या कंपनीतल्या जवानांवर एक पुस्तक लिहितोय. बायको विचारते, तुम्ही रिटायर झालात का नुसतीच बदली झालीय?

त्या पुस्तकातलं एक प्रकरण नायक हुद्द्यावरच्या अशोकचं आहे. आमचा ड्रायव्हर, पूर्णेचा. आपल्या जिल्ह्याचा, म्हणून जरा जास्तच जवळचा. वरच्या पोस्टवर रेशन पोहोचवायला निघाला होता, गाडी बर्फावरून घसरली आणि दरीत गेली...

तेव्हा त्याचं पार्थिव घेऊन गावी दुसरे अधिकारी आले. मी पत्र लिहिलं, पेन्शनची कागदपत्रं मार्गी लावली, अधूनमधून फोन केले. घरी मात्र कधी गेलो नाही. पहिली दोन वर्षं सुट्टी मिळाली नाही, हे खरं होतं. नंतरची बारा वर्षं ते कारण नुसतं सांगायला होतं.

पण छापायच्या आधी घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय बरं वाटेना. म्हणून गेलो.

अशोकची बायको, कांताबाई, अंगणवाडीत काम करतात. घर छोटं, नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, शेजारी वर्दीतला अशोक. त्यांनी आधी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा पुढे केला, आणि मग पदर सावरून समोर बसल्या. "वाचा, साहेब."

वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. "पर त्यांना थंडी कधी वाजली न्हाई, हे कुठून आणलं? लय वाजायची. दिवाळीतसुद्धा गोधडी सोडायचे न्हाईत."

मी हसलो, त्याही हसल्या. मला वाटलं, झालं... सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "'गाडी रवाना करण्यात आली' असं लिवलंय तुमी. कोनी केली रवाना?"

बारावीच्या पोरांना मीच शिकवतो, पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ता गाळला तरी वाक्य बरोबर असतं. वाक्य बरोबरच होतं माझं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अशोकनं मला विचारलं होतं, "साहेब, उद्या सकाळी निघालो तर?" वरच्या पोस्टवर दोन दिवसांचंच रेशन उरलं होतं. मी म्हणालो होतो, "आत्ताच निघ." चौकशीत अपघाताचं कारण हवामान ठरलं. मला कुणी दोष दिला नाही. 'आत्ताच निघ' हे दोन शब्द मी कधी बायकोलाही सांगितले नव्हते.

"मी पाठवलं होतं," मी म्हणालो. "तो उद्या जातो म्हणत होता. मीच नाही म्हणालो."

माझी मान वर होईना.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "निघायच्या आधी त्यांचा फोन आलता. म्हनले, साहेब आत्ताच निघ म्हनायलेत, जायलोय."

म्हणजे इतकी वर्षं... माझ्या प्रत्येक फोनवर, "बरे आहात ना" विचारताना... त्यांना ठाऊक होतं.

"पयले लय राग आला तुमचा. मग वाटलं, वरची मानसं उपाशी ठिवनार होते का साहेब? त्याचा राग गेला." त्या थांबल्या. "पर तुमी आलात न्हाई, त्याचा न्हाई गेला. तो आजबी हाय. कामून आले न्हाईत?"

"भ्यालो होतो," एवढंच म्हणालो.

"मग तसं लिवा," त्या म्हणाल्या. आणि कप उचलून आत गेल्या.

परतीच्या गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर बसून पेनानं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'अशोक दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणत होता. मी त्याला त्याच दिवशी पाठवलं.' फौजेत बरेच हुकूम लिहिले, पण एवढ्या दोन ओळींना हात इतका जड कधी झाला नव्हता. घरी आल्यावर बायकोला सगळं प्रकरण वाचून दाखवलं. ती जवळ येऊन बसली.

कांताबाई फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. तरीही त्यांचे आभार इथे मानतो... त्यांनी मला माफ केलं म्हणून नव्हे, तसं त्या म्हणाल्याच नाहीत. चौदा वर्षांनी का होईना, त्यांनी मला खरं बोलायला जागा दिली म्हणून.