सकाळचा पहिला नंबर

ऑफिसात तिला सगळे कोंबडा म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणारी ही बाई सकाळी साडेसहाला खुर्चीत हजर. झाडूवालीसुद्धा तिच्यानंतर यायची.

काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. दिवसा डॉक्टर त्याच त्या पेशंटच्या फायली पुन्हा पुन्हा उघडतात, म्हणून सर्व्हरच्या मेमरीचा मोठा हिस्सा कॅश नावाच्या कप्प्याला द्यायचा. त्यात लागणाऱ्या फायली हाताशी राहतात. रात्री वर्षभराचे रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले जातात, एकही फाईल दोनदा लागत नाही. तेव्हा कॅश आवळायची आणि मेमरी त्या चाळण्याच्या कामाला द्यायची. सकाळी पुन्हा उलटं, आणि दिवसभरात येणाऱ्या पेशंटच्या फायली आधीच मेमरीत आणून ठेवायच्या.

हे आपोआप होऊ शकतं, हे तिलाही कळत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्याने त्यासाठी प्रोग्रॅम लिहून वर्ष झालं होतं. पण ही त्यात रोज नवी खोट काढायची. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, "सोमवारपासून प्रोग्रॅम चालेल. तुम्ही नऊला या."

सोमवारी साडेसहाला ती घरातच होती. ओटा पुसला, परत पुसला. मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला.

"बस की गं जरा," आई म्हणाली. "पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस? तीन वर्षांनी सकाळी घरात दिसते आहेस."

ती बसली, पण टेकल्यासारखी. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिला उठायला उशीर झाला आणि सेटिंग रात्रीचंच राहिलं. पेशंटची रांग लागली, फायली उघडेनात. त्या रांगेत तिचे बाबा होते, छातीच्या तपासणीला आलेले. चाळीस मिनिटं ताटकळले. चार दिवसांनी ते गेले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की त्या चाळीस मिनिटांचा काही संबंध नाही. तिला ते पटलं होतं, पण झोप मात्र उडाली ती उडालीच. चूक आपली होती हे ती घरी कधी बोलली नाही. तेव्हापासून रोज सकाळी मेमरीत पहिली फाईल ती बाबांचीच आणायची, आणि ती झटकन उघडली की मगच पुढच्या कामाला लागायची.

सव्वासातला चष्मेवाल्याचा फोन आला.

"सगळं व्यवस्थित. फक्त तुमच्या यादीतला पहिला नंबर प्रोग्रॅमने गाळलाय. त्या पेशंटची आज अपॉइंटमेंट नाही. तीन वर्षांत काही नोंदच नाही. हाताने घालू का?"

"थांब जरा," म्हणून तिने फोन छातीशी धरला आणि आईला सगळं सांगून टाकलं. उशीर, सेटिंग, चाळीस मिनिटं, पहिला नंबर. सांगताना रडू आवरलं नाही.

आईने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"माहीत होतं आम्हाला," ती म्हणाली. "मशीन बंद म्हटल्यावर तुझंच काहीतरी राहिलं असणार, हे तुझ्या बाबांनी तिथेच ओळखलं. रांगेतली माणसं तक्रार लिहायला निघाली होती. यांनी एकेकाला हात धरून खाली बसवलं. म्हणाले, पोरगी खटपट करत असेल आत, थांबा जरा. आणि मला दम दिला, घरी विषय काढायचा नाही, तिला लागेल."

तिने डोळे पुसले. मग तिने फोन कानाला लावला.

"नको घालू," ती म्हणाली. "ते थांबतील."