ट्रान्सफॉर्मर नसलेला चार्जर

मागच्या रविवारी गावी जाऊन आलो... शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. काकूला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला तीस वर्षांच्या वर लागली.

काकू म्हणजे आमच्या नानांची बायको, आणि नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दहावीपर्यंत मी त्यांच्याकडेच वाढलो. मग धुळ्याला देवपुरात रूम घेऊन बी.एस्सी.ला लागलो. विषय फिजिक्स... अक्कल बेताची आणि आत्मविश्वास मात्र वर्गात पहिला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नानांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला होता, तो रविवारी सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर ठेवायचे आणि निम्मी वस्ती समोर बसायची. लाईट नेमकी तेव्हाच जायची, म्हणून टीव्ही ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की नाना ती सायकलच्या कॅरिअरला बांधून शिरपूरला चार्जिंगला न्यायचे. साठीच्या माणसाचे ते हाल मला बघवेनात.

म्हणून मी सुट्टीत घरीच चार्जर बनवला. खऱ्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरातली लाईन आणि बॅटरी एकमेकांपासून वेगळी ठेवतो. मी तोच गाळला. एक डायोड, दोनशे वॅटचा बल्ब, दोन वायरी... झालं. बल्ब करंट अडवायचा आणि आठवडाभर लावून ठेवली की बॅटरी भरायची. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे, "आमना पोऱ्यानी बनाडं."

फेज, म्हणजे शॉक देणारी तार, बल्बकडून यायची आणि न्यूट्रल थेट बॅटरीला. प्लग उलटा लागला तर फेज थेट बॅटरीवर येणार, एवढं मला कळत होतं. म्हणून मी प्लगच्या एका बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि ठिपका कायम वर ठेवायचा असं नानांना बजावलं. धोका काढून टाकायचा सोडून त्याच्यावर ठिपका लावला... हे आमचं फिजिक्स.

नानांनी विचारलं होतं, चुकून हात लागला तर काय. मी चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावून दाखवला. म्हणालो, "नाना, बारा व्होल्ट आहे. काही होत नाही." पायात माझ्या रबरी चप्पल होती. वर त्यांना हेही शिकवलं, की टोकांवर पांढरी भुकटी जमली तर ओल्या फडक्याने पुसत जा.

पुढच्या वैशाखात वादळ झालं आणि खांबावरून घरात येणाऱ्या तारा तुटल्या. वायरमन यायला आठ-आठ दिवस लागायचे, तोवर गावातली अशी सगळी कामं वस्तीतला दौलतभाऊ करायचा. काकूनेच त्याला बोलावलं. त्याने तारा जोडल्या, फक्त फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली. दिवे लागले, पंखा फिरला... कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाना अंघोळ करून आले आणि ओलं फडकं घेऊन बॅटरी पुसायला बसले. अनवाणी, सारवलेल्या जमिनीवर. प्लगवरचा ठिपका मी सांगितल्याप्रमाणे वरच होता.

निरोप मिळाला आणि एसटी पकडून पोचलो, तोवर सगळं संपलं होतं. मी टेस्टर घेऊन बोर्ड तपासला आणि एका मिनिटात सगळं कळलं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बारा व्होल्टच होते... पण बॅटरी आणि जमीन यांच्यामध्ये दोनशे तीस.

नानांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांनी मला विचारलं, तू शिकलेला आहेस, कसं झालं सांग. मी म्हणालो, "लाईन उलटी जोडली गेली होती." हे खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. ट्रान्सफॉर्मर असता तर लाईन उलटी असो की सुलटी, नानांना काहीही झालं नसतं, हे मी बोललो नाही. दौलतभाऊ तिथेच बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

पुढे मी शिक्षक झालो. दरवर्षी वर्गात ट्रान्सफॉर्मर शिकवला, पोरांना सुरक्षिततेचे धडे दिले. नानांचं नाव एकदाही काढलं नाही. स्वतःची इतकी लाज वाटायची की गावी जाणंही कमी केलं.

रविवारी काकूला सगळं सांगितलं. तिला फेज-न्यूट्रल कळणार नाही म्हणून सरळ म्हणालो, चूक माझ्या मशीनमध्ये होती. तिने मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं.

ती म्हणाली, "मंग दौलतनी काही चूक नव्हती?"

मी नाही म्हणालो.

"तो मना दारवर दोनदा उना. मी त्याले पानी बी नही दिधं. त्याना मौतले बी नही गऊ..." आणि मग माझ्याकडे बघून, "तू माले काबरं नही सांगं?"



ती काठी घेऊन उठली आणि दौलतभाऊच्या घराकडे निघाली. चारच घरं पुढे. मी मागून सांगत होतो, काकू, तिथे कोणी नाही, दौलतभाऊच्या मागे वहिनीही गेल्या, पोरं सुरतला असतात. ती थांबली नाही. कुलपासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एखाद्याच्या मौतीला गेल्यावर बसतात तशी दाराशी बसली.

मी बाजूला उभा होतो. नानांचा जीव माझ्या अर्धवट ज्ञानाने गेला, ते एक वेळ चूक म्हणता येईल. पण दौलतभाऊचं जे केलं ते मी समजून-उमजून केलं... आणि माफी मागायला त्या घरात आता कोणीच नाही.