पोरीची सायकल

शाळेने आमच्या गावातल्या मुलींना सायकली वाटल्या. त्यांतली एक जरी शाळेत पोचली असेल, तर मी मिशी उतरवीन. आज सकाळी सुनंदाची सायकल डेअरीकडे निघाली होती. वर तिचे वडील तात्या, आणि हत्ती न्हाऊन निघेल एवढ्या दुधाच्या किटल्या. मागून दप्तर घेऊन सुनंदा, सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलकडे पायी. पोरींना उद्या विमान दिलं, तरी आम्ही त्यावर वैरणीचे भारे बांधू.

“तात्या, सायकल पोरीची ना?” मी विचारलं.

“हो की. म्हणून तर तिच्याच लग्नासाठी दूध घालतोय.”

“मग मांडवात सायकलच उभी करा, मी शाळेत जाते,” सुनंदा म्हणाली.

तात्या आणि मी खदाखदा हसलो. ती थांबली नाही. तिचा पहिला तास आजही बुडणार होता.