एका वेळी एकच प्रश्न

४ ऑगस्ट २०१६. संस्थेच्या संकेतस्थळावरचं पाटणकर सरांचं खातं बंद करायचं होतं. सरांना जाऊन तीन आठवडे झाले होते, नव्या शिक्षिका सोमवारी रुजू होणार होत्या, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने खातं चालू ठेवायचं नाही असा नियम आहे. नियम मीच केलेला. दहा मिनिटांचं काम, म्हणून जेवणाआधी उरकायला घेतलं.

सर गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं. करंजाड्याला घरी सकाळचा चहा घेताना छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हटलं... नंतर वाटलं, बरं काय म्हणायचं. फोन ठेवून मी सरांचं त्या दिवसाचं व्याख्यान रद्द केलं, संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर फोटोसकट निवेदन टाकलं, आणि विद्यार्थ्यांना कळवून झालं असं धरून अंत्यविधीला गेले. आमची मैत्री वगैरे नव्हती. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस, एवढंच नातं. भांडणं मात्र पुष्कळ झाली.

आमची संस्था छोटी. बंदरात माल येतो-जातो त्याची कागदपत्रं कशी करायची, हे आम्ही शिकवतो. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात पाळ्यांमध्ये काम करणारे लोक रोज पनवेलला वर्गात येऊ शकत नाहीत, म्हणून अभ्यासक्रम ऑनलाइन केला आणि शिकवायला जहाज कंपनीतून निवृत्त झालेले पाटणकर सर आले. दोन बोटांनी टाइप करायचे. पहिल्या तुकडीत प्रत्येक धड्याखाली सगळ्यांनी न चुकता लिहिलं, "समजलं सर." आम्ही खूश. परीक्षेत निम्म्याहून जास्त नापास झाले. मुलं आळशी आहेत, असं मी अहवालात लिहून मोकळी झाले. सरांनी एकेकाला फोन लावला. उरणच्या एकाने त्यांना सांगितलं, "सर, तुमी तासभर घसा कोरडा केलाव, आनि आमी खाली नाय समजलं लिवायचं? बरं दिसतं का ते?" सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, ते 'समजलं' म्हणजे पाहुण्याला पाणी विचारतात ना, तसं आहे. त्याचा धड्याशी संबंध नाही."

पुढच्या तुकडीपासून त्यांनी "समजलं" लिहायला बंदी घातली. धड्याखाली प्रश्न विचारला तरच हजेरी. मग उलटं झालं. एकेक जण एका दमात पाच-सहा प्रश्न टाकू लागला, सर एकाचं उत्तर देणार तोवर बाकीचे वाहून जाणार. म्हणून दुसरा नियम आला: एका वेळी एकच प्रश्न. त्याचं उत्तर सर त्याच दिवशी देणार, येत नसेल तर निदान "उद्या सांगतो" एवढं तरी लिहिणार. विचारणाऱ्याने ते उत्तर आपल्या शब्दांत, आपल्या यार्डातलं उदाहरण देऊन परत लिहायचं. ते बरोबर असेल तर सर त्यावर खूण करणार, आणि ती खूण दिसल्यावरच पुढचा प्रश्न. मला हा प्रकार फार रेंगाळणारा वाटायचा, आणि मी तसं बोलून दाखवायचे. "घाई तुम्हाला आहे बाई, त्यांना नाही," एवढंच उत्तर.

आमचं खरं वाजलं ते माझ्या एका नियमावरून. तीन आठवडे ज्याने काहीच लिहिलं नाही त्याचं नाव परीक्षेच्या यादीतून आपोआप कमी व्हावं, अशी सोय मी करून घेतली होती. संस्था चालवायची तर कोण शिकतंय आणि कोण नाही हे कळायला हवं. सरांना ते पसंत नव्हतं.

"गप्प बसलेला माणूस पळालेला नसतो," ते म्हणाले.

"मग काय असतो?"

"ते फोन करून विचारल्याशिवाय मला काय ठाऊक?"

तेव्हापासून दर गुरुवारी डबा खाऊन झाला की ते गप्प असलेल्यांची यादी घेऊन बसायचे आणि फोन लावायचे. कुणाची पाळी बदललेली असायची, कुणाच्या घरात आजारपण, कुणाला प्रश्न होता पण तो फार बावळट वाटेल अशी भीती. "स्थळं जमवताय की काय, सर?" मी एकदा विचारलं. "तुम्ही जमलेली मोडता, म्हणून मला जमवावी लागतात," म्हणाले, आणि पुढचा नंबर फिरवला.

त्या यादीत सुरुवातीला गव्हाणच्या ज्योत्स्ना कोळीचं नाव कायम असायचं. वडील खाडीत मासेमारी करणारे, ही यार्डाच्या फाटकावर उभी राहून कंटेनरचे नंबर लिहून घेणारी. एकदा थोडक्यात नापास झालेली. यार्डातल्या साहेबाने तिला सांगितलं होतं की या खेपेला पास झालीस तर आत टेबलावर घेतो, त्यानंतर जागा राहणार नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी सर निघताना म्हणाले, "ज्योत्स्ना या वेळी काढणार बघा. आता बरोबर तिथेच अडते जिथे अडायला पाहिजे." मी मान डोलावली. मला बिलं तपासायची होती...

तर चार तारखेला मी खातं उघडलं. आत अकरा जणांचे अकरा प्रश्न पडून होते, सगळे सर गेले त्या दिवसाचे नाहीतर दुसऱ्या दिवशीचे. त्यानंतर त्या अकरांपैकी कुणीही पुढचा प्रश्न टाकला नव्हता. ज्योत्स्नाने विचारलं होतं, की एकाच मालाच्या दोन कागदांवर दोन वेगळी वजनं का येतात. त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढंच: "सर, बरे हाव ना?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिलं पान मोबाइलवर उघडायला जड, म्हणून सरांनीच त्यांना थेट प्रश्नांच्या पानावर जायला शिकवलं होतं. माझं निवेदन ज्या पानावर होतं तिथे कुणी फिरकत नव्हतं. मधले तीन गुरुवार कुणी फोन केले नव्हते. ते माझं काम आहे असं मला वाटलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता परीक्षेची यादी जाणार होती. सरांचा नियम पाळून गप्प बसलेली अकरा माणसं माझ्या नियमाने गळणार होती. नाव राखायचं तर विद्यार्थ्याने स्वतः काहीतरी लिहायलाच हवं, मला हाताने ते घालता येत नाही. ही तरतूदही माझीच.

जेवण बाजूला ठेवून फोन लावत बसले. पहिला म्हणाला, "मॅडम, अशी चेष्टा करत्यात का?" एकाने विचारलं, "मंग आता उत्तर कोन देनार?" त्याला रागवावं असं वाटलं, पण प्रश्न बरोबर होता. संध्याकाळपर्यंत दहा जणांनी काही ना काही लिहिलं. ज्योत्स्नाचा फोन बंद होता. खातं मी बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जावरचा पत्ता लिहून घेतला आणि पनवेलहून उरणची एसटी पकडली. गव्हाण फाट्यावर उतरून विचारत गेले. घर सापडलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिची आई ओट्यावर जाळं घेऊन बसली होती. "ज्योते, पनवेलशी कुनी बाय आल्यान," तिने आत हाक मारली. ज्योत्स्ना रात्रपाळीवरून येऊन झोपली होती. फोन परवा खाडीत पडला होता.

मी सरांचं सांगितलं. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मना वाटलं सर रागावले," ती म्हणाली. "माझा प्रश्न येडपट व्हता म्हनून उत्तर नाय देत."

"तसं नव्हतं."

"उत्तर मना आता ठाऊक हाय, मॅडम. यार्डातच इचारलं. एका कागदात रिकाम्या कंटेनरचं वजन धरतात, दुसऱ्यात नाय."

"मग लिहिलं का नाहीस?"

"आदी सरांनी लिवायचं, मंग आमी. तसंच ठरलेलं ना?"

मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बारा वाजायच्या आत तुझ्या खात्यातून तेच तिथे लिही, तुझ्या शब्दांत. तिने फाटकावरच्या एका कंटेनरचं उदाहरण देऊन लिहिलं. मी वाचलं, बरोबर वाटलं. खात्री नव्हती, म्हणून तिच्यासमोरच सरांच्या जुन्या धड्यात पडताळून बघितलं, आणि मग सरांच्या खात्यातून त्यावर खूण केली. बाराला दहा मिनिटं होती. मी उठणार तेवढ्यात ती आत गेली आणि वही घेऊन आली. तीन आठवड्यांत अडलेले पुढचे प्रश्न तिने क्रमाने लिहून ठेवले होते, सात होते. तिच्या आईने जाळं सरकवून मला जागा करून दिली. मी बसले आणि म्हटलं, "पहिला सांग."