एनेइदाने बदललेला शेवट

समुद्रकाठच्या काइबारियेन गावातल्या सिगार कारखान्यात आम्ही सिगार वळायचो आणि उंच खुर्चीवर बसून एनेइदा आम्हाला वाचून दाखवायची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. टंचाईच्या वर्षांत नवी पुस्तकं येईनात, तेव्हा आम्ही हात वर करून ठरवलं की दुपारी तिने सिनेमा सांगायचा. तिला तेच हवं होतं. बाईने लग्न केलं नाही, सगळे रविवार थेटरात घालवले.

नव्या सिनेमांचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. "कॅमेऱ्याला जुलाब लागलेत. माणूस मेला की लगेच मोटारींची पळापळ. अरे, मेलेल्याजवळ जरा बसा की." मूकपटांवर मात्र तिचा जीव. "त्यांना बोलता येत नाही, म्हणून खोटंही बोलता येत नाही," म्हणायची. माझ्या मते ती नव्यांवर अन्याय करायची, पण तिच्या तोंडी कोण लागणार? शेवटाच्या बाबतीत तर भलतंच सोवळं. आवडो न आवडो, शेवटाला हात लावायचा नाही.

त्या उन्हाळ्यात मिग्दालियाचा मुलगा ओस्निएल टायरच्या ट्यूबा बांधलेल्या तराफ्यावरून समुद्रात गेला, उत्तरेच्या परदेशात पोचायला. पत्र नाही, निरोप नाही. माझ्या शेजारच्या बाकावर मिग्दालिया न चुकता, न रडता सिगार वळत राहिली.

अशात एनेइदाने एका कोळ्याचा मूकपट सांगायला घेतला. वादळात होडी जाते, आई दारात कंदील धरून उभी राहते आणि सकाळी लाटा नुसती टोपी आणून टाकतात. आम्हा सगळ्यांनाच शेवट ठाऊक होता. पण कंदिलापर्यंत आल्यावर एनेइदाची नजर मिग्दालियावर गेली आणि ती थांबली. मग म्हणाली, "आणि पहाटे पोरगा दारात उभा राहिला."

आवडलं की आम्ही पानं कापायचा चाकू फळीवर वाजवतो. त्या दुपारी सगळ्यांनी वाजवले, मिग्दालियाने सगळ्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "ओस्निएल आलाय. ओठ हलतात त्याचे, पण आवाज येत नाही."

काम सुटल्यावर एनेइदा आणि मी तिच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात तो टेबलाशी बसला होता. खिडकीतून ऊन येत होतं, भिंत निळी, खुर्ची हिरवी. फक्त त्याच्यावर रंग नव्हता. राखाडी चेहरा, राखाडी सदरा, अंगातून पाणी निथळत होतं. समोरचा काळ्या घेवड्याचा भात तसाच होता.

मिग्दालिया फरशी पुसत होती. पुसली की पुन्हा ओली.

"सारखा कुडकुडतो गं. पांघरूण घातलं, तेही भिजलं," ती म्हणाली. "एनेइदा, तू सांगितलंस तसा हा आला. मग तूच सांग, याला ऊब कधी येणार?"

"मी दारापाशीच सोडलं होतं. त्याच्या पुढे काही नाही."

"मग पुढचं रच."

"मला रचता येत नाही गं. काल जीभ घसरली माझी. मला फक्त पाहिलेलं सांगता येतं."

मिग्दालियाने त्याच्या ओल्या केसांतून बराच वेळ हात फिरवला. "मग उद्या पाहिलेलंच सांग," ती म्हणाली. "याला असं कुडकुडताना बघवत नाही मला. पण घाई करू नकोस."

एनेइदाने घाई केली नाही. वादळ, होडी, कंदील, सगळं सांगितलं आणि लाटांनी आणलेल्या टोपीवर संपवलं. चाकू कुणीच वाजवला नाही. मिग्दालिया उठली आणि आम्ही दोघी तिच्यामागून तिच्या घरी गेलो.

खुर्ची रिकामी होती, फरशी कोरडी. मिग्दालिया खाली बसली, त्या फरशीवर दोन्ही हात फिरवू लागली आणि इतक्या दिवसांचं रडली. एनेइदा तिला टेकून बसली. अंधार पडला तरी आमच्यापैकी कुणी मिग्दालियाला "ऊठ" म्हणालं नाही.