ग्राझपर्यंत आरक्षित

व्हिएन्नाहून सुटलेली गाडी खच्चून भरली होती. आम्हाला एकच आरक्षण मिळालं होतं. बायको बसली, मी उभा. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण वरच्या पाटीवर अक्षरं उजळली होती: ग्राझपर्यंत आरक्षित. कुणी आलं नाही आणि कुणी बसेनाही. एसटीतल्या सवयीने मी तिथे रुमाल टाकला.

"उचला तो," बायको हळूच म्हणाली. "कुणीतरी बसलंय."

मी हसलो. जागा धरणं म्हणजे तरी काय, आपण नसताना तिथे असणं. आपल्याकडे हे काम रुमाल करतो, इथे चार अक्षरं. पण उभी माणसंही त्या जागेपासून अंग चोरून होती.

ग्राझला पाटी विझली. बसावं म्हणून रुमाल उचलला, तर तो कोमट लागला.

पुढचा प्रवासही मी उभ्यानेच केला.