पुढे केलेलं घड्याळ

"हात धरा! अहो, हात धरा त्यांचा! सलाईन उपटतील!"

ओरडत होत्या मेंदूच्या डॉक्टर आणि उपटणारा होतो मी. डावा हात दोन सिस्टरांनी मिळून धरला होता. उजवा धरायची गरजच नव्हती. तो सकाळपासून माझा राहिला नव्हता, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा माझ्या शेजारी पडला होता. मला एवढंच सांगायचं होतं, की थांबा, वेळ चुकली आहे. पण तोंडातून शब्द येत होता तो एकच.

"केळी! केळी!"

"डॉक्टर, त्याला केळी पायजे," शेजारचा डॉमनिक म्हणाला. त्यानेच आपल्या व्हॅनमधून मला वसईजवळच्या आमच्या वटारहून मुंबईला आणलं होतं, म्हणून त्याला बोलायचा हक्क.

"केळी!" मी त्याच्याकडे बघून किंचाळलो. म्हणजे, गप बस गाढवा.

तुमच्यापैकी कुणावर, किंवा तुमच्या घरातल्या कुणावर, हा प्रसंग येऊ नये. पण आलाच, तर माझी हकिकत उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. गावात मला थापाड्या म्हणतात. आमच्या वाडीतला केळीचा घड उतरवायला चार माणसं आणि एक बैल लागला, हे मी सांगितलं होतं आणि बैल खोटा होता, हेही कबूल करतो. पण त्या दिवसाबद्दल लिहितोय ते खरं आहे. थोडंफार वाढवलं असेल तर ते बाजूचं असेल, मुद्द्याचं नाही.

अर्ध्या तासापूर्वी सीटी स्कॅन झाला होता. मोठ्या मेदूवड्याच्या भोकात डोकं घालून माझे फोटो काढले. मग डॉक्टर आल्या आणि माझ्या बायकोला, निर्मलाला म्हणाल्या, "इस्केमिक स्ट्रोक आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. डाव्या बाजूला, म्हणून उजवा हात-पाय गेला. बोलणं गेलं त्याला अफेझिया म्हणतात. त्यांना सगळं समजतंय, पण शब्द सापडत नाहीत."

शब्द सापडत नाहीत! मला! ज्याच्या तोंडाला कंटाळून पाहुणे चहा न पिता उठतात, त्या मला! देवाने हात नेला, पाय नेला, ते मी समजून घेतलं असतं. पण दुकान बंद करायचं तर निदान सगळा माल उचलायचा. एक केळी तेवढी मागे का ठेवली? बागायतदार म्हणून?

"किती वाजता सुरू झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. शेवटचे ठीक कधी होते?"

"आठ," निर्मला लगेच म्हणाली. "समोर घड्याळ होतं. सव्वाआठ दाखवत होतं, पण आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. म्हणजे बरोब्बर आठ. चहाचा कप हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं."

इथेच घोटाळा होता.

त्याचं कारण सांगतो. निर्मला तेव्हा सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होती. कंपनीची बस आमच्या नाक्यावर यायची. निर्मलाची ती रोज चुकायची आणि मग मी स्कूटरवर पार हायवेच्या पलीकडे सोडायला. म्हणून वर्षापूर्वी आम्ही दोघांनी मिळून घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. तुमच्याकडेही असेलच. वसईत बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ एखाद्या घरात सापडलं, तर त्या घरात कुणी कामाला जात नाही असं समजावं. पण बाई हुशार. आठवडाभरात ती मनातल्या मनात पंधरा वजा करायला शिकली आणि बस पुन्हा चुकायला लागली. म्हणून स्ट्रोकच्या चार दिवस आधी, ती न्हाणीघरात असताना, मी स्टुलावर चढून काटा गुपचूप आणखी वीस मिनिटं पुढे सरकवला. पट्टा सुटलेलं तिचं मनगटी घड्याळ कपाटात पडून होतं, म्हणून पकडला गेलो नाही. उलट ती चार दिवस नाक्यावर उभी राहून म्हणत होती, "ही बस हल्ली उशिरा का येते हो?"

म्हणजे कप पडला तेव्हा आठ वाजले नव्हते. सात चाळीस झाले होते. आणि हे अख्ख्या जगात एकट्या मला माहीत होतं. मला, म्हणजे केळीला.

माझ्या खाटेसमोर वॉर्डचं मोठं घड्याळ होतं. तेव्हा त्यात साडेदहा झाले होते.

"वेळ आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदांचा एक गठ्ठा काढला. त्या घाईत होत्या, पण समजावून सांगत होत्या. "इथे एक क्लिनिकल ट्रायल चालू आहे, म्हणजे औषधाचा अभ्यास. गुठळी विरघळवणारं नवीन औषध आहे. अर्ध्या पेशंटना ते मिळतं, अर्ध्यांना तसंच दिसणारं साधं सलाईन. त्याला प्लासिबो म्हणतात. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. मलाही कळत नाही. बाकी नेहमीचे सगळे उपचार दोघांनाही होतात."

"आणि यांना औषधच मिळालं तर?"

"फायदा होऊ शकतो. बोलणं, हात, लवकर परत येऊ शकतं. पण पहिल्या तीन तासांतच. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. म्हणून वेळ इतकी विचारली. तुम्ही आठ म्हणालात, म्हणजे अकरापर्यंत."

आता माझा हिशोब बघा. सात चाळीस अधिक तीन तास, दहा चाळीस. समोर दहा पस्तीस झाले होते. इंजेक्शन भरेपर्यंत, सही होईपर्यंत, वेळ संपणार हे नक्की.

आणि खरं सांगतो, मी गप्प राहिलो.

आयुष्यभर खोटं बोलायला मला केवढी मेहनत करावी लागली आहे. थापेतल्या वाघाची शेपटी किती लांब ते आठवून ठेवायचं, मागच्या वेळी कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. इथे काहीच करायचं नव्हतं. तोंडही उघडायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं, की औषध मिळण्याची अर्धी आशा आपली. पाच-दहा मिनिटांनी काय होतंय? डॉक्टरांच्या घड्याळाला काय माहीत माझी गुठळी कधी अडकली? बोलता येणारच नसेल, तर वटारला परत जाऊन करायचं काय? पारावर बसून केळी म्हणायचं?

छतावरच्या पंख्याची पाती मी त्या काही मिनिटांत एवढ्या वेळा मोजली की तिनाची वाढून अकरा झाली. डावा पाय आपोआप हलत होता. चादर घोट्यात गुंडाळली गेली होती आणि सोडवता येत नव्हती. कपाळावर माशी बसली होती आणि ती उडवायला गेलेला हात उजवा होता, म्हणजे गेलाच नव्हता. डोक्यात मात्र एकच टिकटिक. दहा चाळीस. दहा एक्केचाळीस.

निर्मला कागद वाचत होती. प्रत्येक पान. या बाईने आयुष्यात कधी शेजारणीला सुद्धा 'साखर संपली' असं खोटं सांगितलेलं नाही. शेवटच्या पानावर एक ओळ होती, लक्षणं सुरू झाल्याची वेळ. तिने तिथे आठ लिहिलं, ठसठशीत. आणि खाली सही करायला पेन टेकवलं.

तेव्हा मला सुचलं, की डोक्यात रक्तस्राव झाला आणि मी गेलो, तर मी सुटलो. पण 'आठ' तिच्या अक्षरात राहणार. तेराव्यानंतर कधीतरी ती घरातलं घड्याळ दुरुस्त करायला काढेल, आकाशवाणीच्या बातम्यांशी लावून बघेल, आणि तिला वीस मिनिटं सापडतील.

तेव्हा मी उठलो. म्हणजे, डावी बाजू उठली. सलाईनसकट हात घड्याळाकडे फेकला आणि सुरू झालो, "केळी! केळी!" पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

डॉक्टरांना वाटलं मी औषधाला नाही म्हणतोय. सिस्टरांना वाटलं मला फिट येतेय. डॉमनिक तर खरोखर केळी आणायला निघाला होता, गेटवर फळांची गाडी आहे म्हणाला. निर्मला मात्र जागची हलली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अर्धं वाकडं, अर्धं घामाने भिजलेलं.

"थांबा," ती म्हणाली. "हे तोंड मी ओळखते."

"वहिनी, तोंड वाकडं झालंय त्याचं," डॉमनिक म्हणाला.

"वाकडं असू दे. पकडले गेले की असंच करतात. काहीतरी लपवलंय यांनी." ती खाटेजवळ आली. "अहो, घड्याळ का?"

मी मान हलवली.

"भिंतीवरचं? आपल्या घरचं?"

मान.

"तुम्ही ते आणखी पुढे केलंत?"

मी डोळे मिटून मान हलवली. बावीस वर्षांच्या संसारात एवढी सरळ कबुली मी कधी दिली नव्हती.

"किती? पाच? दहा? पंधरा?" ती थांबली. "वीस?"

मी तिचा हात एवढा दाबला की तिची बांगडी पिचली.

डॉक्टर पुढे आल्या. "त्यांचं हो-नाही भरवशाचं आहे का, ते बघावं लागेल. वसंतराव, तुम्ही बाई आहात का?" मी मान नकारार्थी हलवली. "आपण दवाखान्यात आहोत?" हो. "बाहेर बर्फ पडतोय?" नाही. "घड्याळ एकूण पस्तीस मिनिटं पुढे आहे?" हो.

"अहो, या माणसाचं हो-नाही बावीस वर्षांत पहिल्यांदा भरवशाचं झालंय," निर्मला म्हणाली आणि मग रडली.

डॉक्टरांनी समोर पाहिलं. दहा पंचेचाळीस. सिस्टरच्या हातातला ट्रे त्यांनी खाली ठेवायला लावला. फॉर्मवरच्या 'आठ'वर एक रेघ मारली, खोडलं नाही, नुसती रेघ, आणि शेजारी सात चाळीस लिहून निर्मलाची सही घेतली. "ट्रायलमध्ये घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "अ‍ॅस्पिरिन सुरू करू. उद्यापासून फिजिओथेरपी." आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मी एवढा मोठा पराक्रम केला होता, पण कुणी टाळी वाजवली नाही.

अकरा दिवस तिथे होतो. फिजिओथेरपी म्हणजे आपलाच पाय आपल्याला परक्यासारखा शिकवायचा. उचला, ठेवा, उचला. स्पीच थेरपीला एक बाई चित्रं दाखवायच्या. घोडा दाखवला की मी केळी म्हणायचो आणि ज्या दिवशी त्यांनी केळं दाखवलं, त्या दिवशी मी घोडा म्हणालो. हे मी नंतर रचलं, असं निर्मलाचं म्हणणं आहे. असेल.

खरा शब्द नवव्या दिवशी आला. निर्मला डबा उघडत होती आणि मी "मीठ" म्हणालो. तिने झाकण ठेवलं, मीठ घातलं, आणि कोपऱ्यात जाऊन पदराने नाक पुसलं. मला फार भारी काहीतरी म्हणायचं होतं. पण आमटी अळणी होती.

घरी आल्यावर दिवस पुढे सरकेनात. आंघोळीला तास, बटणाला तास. पानवेलीच्या वाफ्यापर्यंत चालत जाणं म्हणजे मला वज्रेश्वरीची पायी यात्रा. चिडायचो, भांडी फेकायचो, तीही डाव्या हाताने, म्हणून नेम चुकायचा. शब्द एकेक करून परतले, जत्रेहून येणाऱ्या पाहुण्यांसारखे, कुणी आधी, कुणी महिन्याने. डॉमनिकचं नाव सगळ्यांत शेवटी आलं. तोवर त्याला मी केळी म्हणत होतो. गावातली पोरं आजही त्याला तेच म्हणतात.

आमच्या घरातलं घड्याळ आता बरोबर चालतं. निर्मलाने स्वतः स्टुलावर चढून लावलं. तिची बस आठवड्यातून दोनदा चुकते, आणि त्याबद्दल मी एक शब्द काढत नाही. तुम्हीही कराल तर एवढं करा. घरात एक तरी घड्याळ खरं ठेवा, आणि माणूस वाकडा झाला की आधी त्यात बघा, मग रिक्षा शोधा. आणि पुढे केलेलंच असेल, तर किती ते दोघांनाही माहीत असू द्या.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी हातोडीने गुडघे ठोकले, बोटं नाकाला लावायला लावली, 'छान आहे' म्हणाल्या. उजव्या हाताची बोटं अजून बटणाला फसतात, आणि घाईत बोललो की मधला शब्द हरवतो. मी सहा महिने एक प्रश्न तयार करून ठेवला होता. घरी आरशासमोर म्हणून बघितला होता, मध्ये केळी येऊ नये म्हणून.

"डॉक्टर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी गप्प पडून राहिलो असतो, आणि मला ते औषध मिळालं असतं, तर मी आज जास्त बरा असतो, की मेलो असतो?"

त्यांनी माझी फाईल बंद केली.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?"